सहा मिनिटांचा हिशोब

आज साडेपाचला हायकोर्टातून निघाले आणि ओव्हल ओलांडून चर्चगेटला चालत गेले. पोरं क्रिकेट खेळत होती. फोर्टात ११ वर्षं काढली, पण या वेळचं ऊन कधी पाहिलंच नव्हतं.

आधीच्या वकिली फर्ममध्ये अशिलांच्या बिलासाठी दिवस सहा-सहा मिनिटांत कापून टाइमशीटवर भरायचा, तासाचे दहा तुकडे. बाबा आयसीयूत होते तेव्हाही मी बाहेरच्या बाकावर बसून करारातली कलमं तपासत होते. ते अजून टोचतं.

आता मिळकत तिसऱ्या हिश्श्यावर आलीय. घराचा हप्ता भरताना पोटात गोळा येतो, खोटं का बोलू. पण विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचं हे काम मला मनापासून आवडतंय. १९८७ च्या कायद्याने बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. आज आलेल्या मावशींना हे ठाऊकच नव्हतं. पोटगीचे कागद त्यांनी धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत जपून आणले होते.

दादरला उतरून गजरा घेतला. दार लेकीने उघडलं.

"आई, तू? अजून तर उजेड आहे!"

मग दोघी गॅलरीत गवार निवडत बसलो.