मोह आहेत, मोहाची पोरं नाहीत

मे महिन्यात गडचिरोलीत धानोऱ्याकडच्या एका गावात होतो. ग्रामसभेला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावरचा हक्क, मिळालाय, आता जंगलाचा आराखडा करायचाय, म्हणून आम्ही झाडं मोजतो. दोरीने चौकोन आखायचा आणि 1.37 मीटर उंचीवर टेपने घेर घ्यायचा, उतारावर असाल तर झाडाच्या वरच्या अंगाला उभं राहून, आणि खोडावरची वेल आधी बाजूला करून, नाहीतर घेर उगाच फुगतो. नवीन पोरं वेल सोडवायचा कंटाळा करतात, मग आकडे वाया.

दुपारी सावलीत बसून मोहाचे आकडे एकाखाली एक लिहिले तर 150 सेंटिमीटरच्या आतल्या घेराचं एकही खोड नाही. रोपटं तर नाहीच. याच जंगलाच्या जुन्या अहवालात 'मोह : भरपूर' असं लिहिलंय, ते वाचून खरंच राग आला. मोठी झाडं मोजली आणि निघून गेले.

मोहाला इथे कोणी कुऱ्हाड लावत नाही. तोडायला परवानगी लागते आणि गावाचा नियम त्याहून कडक, कुठलं झाड कुठल्या घराचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. पण फुलं वेचता यावीत म्हणून मार्चमध्ये झाडाखालचा पाचोळा पेटवतात, त्यात रोपं जातात, वाचलेली गुरं खातात, आणि बी तर बरंचसं तेलालाच जातं. तेंदूचं मात्र उलटं, छाटा, जाळा, मुळापासून आणखी फुटतो, बिडीला कोवळं मोठं पान मिळतं. म्हणून त्याच जमिनीवर गुडघाभर तेंदूच तेंदू. शेजारच्या ग्रामसभेने छाटणी आणि आग दोन्ही बंद केलंय, तिकडे तेंदू डोक्याच्या वर गेलाय, टेंभरं, म्हणजे त्याची फळं, लागलीत.

एका आजीला विचारलं, पाचोळा जाळण्याऐवजी झाडून घेतला तर?

"दहा झाडं हायत बाबू, अंधारात निघतो आमी. झाडू कवा नि वेचू कवा?"

मला उत्तर देता आलं नाही. काही ठिकाणी खाली जाळी बांधतात, पण दहा झाडांच्या जाळीचे पैसे कोण देणार? आणि एक वर्ष आग थांबवूनही भागत नाही, रोप गुरांच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत सलग काही वर्षं थांबवावी लागते.

संध्याकाळी बैठकीत आजीने स्वतःहून एक झाड आगीतून सोडलं, नाल्याकाठचं. त्याची अर्धी फुलं तशीही पाण्यात जातात म्हणाली. मी जाऊन बघितलं, खाली नुसते दगड. तरी त्या झाडाभोवती काटे लावून आलोय, पावसानंतर परत जाणार आहे.