प्लग काढला आणि हायवेवर काहीच बदललं नाही

माझी गाडी 2001 ची बीएमडब्ल्यू 525आय, म्हणजे ई39. श्टुटगार्टला आल्यावर तिसऱ्या वर्षी घेतली, तेव्हाच मीटर दोन लाखांच्या पुढे गेला होता. इंजिन मख्खन. खटकायचं ते फक्त स्टिअरिंग. ए8 या हायवेवर उल्मच्या दिशेने 130 ने जाताना रस्त्याचं हातात काही यायचंच नाही. स्टिअरिंगचं चाक सरळ आहे की बोटभर वळलंय, हे डोळ्यांनी पाहून ठरवायचं.

मी गाडी शिकलो बाबांच्या मारुती 800 वर. तिला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. वरंध घाटात ओली खडी चाकाखाली आली की आधी तळहाताला कळायचं, मग कानाला. ती सवय लागलेल्या माणसाला हे असलं मुकं चाक कसं चालणार?

या गाडीत सर्व्होट्रॉनिक आहे, म्हणजे वेगाप्रमाणे हलकं-जड होणारं पॉवर स्टिअरिंग. तेलाच्या दाबाने टायर वळवणाऱ्या हायड्रॉलिक रॅकच्या व्हॉल्व्हवर एक सोलेनॉइड, म्हणजे करंटने हलणारा छोटा भाग, बसवलेला असतो. गाडी उभी असताना कंट्रोल युनिट त्याला भरपूर करंट देतं आणि चाक लोण्यासारखं फिरतं. वेग वाढेल तसा करंट कमी होत जातो. मग तेलाचा दाब व्हॉल्व्हमधल्या एका छोट्या पिस्टनवर येतो, व्हॉल्व्ह उघडायला हाताला जास्त जोर लावावा लागतो, आणि चाक जड होतं.

मी म्हटलं, सोलेनॉइडचा प्लगच काढून टाकू, म्हणजे चाक कायम जड. एका शनिवारी गाडीखाली शिरलो, प्लग काढला, टोकाला टेप गुंडाळली. दहा मिनिटांचं काम. पार्किंगमधून बाहेर पडतानाच खांदे भरून आले आणि मला केवढा आनंद झाला! आता येईल मजा.

ए8 वर चढलो. 80, 100, 130. काहीही फरक नाही. अगदी काहीही नाही.

परतताना डोक्यात उजेड पडला आणि स्वतःचीच लाज वाटली. मी रोज गाड्यांच्याच इलेक्ट्रॉनिक्सवर काम करतो! 130 ला तो करंट तसाही जवळजवळ शून्यावर आलेला असतो. मी प्लग काढून गाडीला हायवेवरच्याच अवस्थेत कायमचं अडकवलं होतं. वायर तुटली तर चाक जडच व्हावं, भर वेगात एकदम हलकं होऊ नये, म्हणून ती रचना मुद्दाम तशी केलेली असते. म्हणजे ज्या वेगाला माझी तक्रार होती, तिथे त्या व्हॉल्व्हचा दोषच नव्हता.

संध्याकाळी बायको गाडी घेऊन बाजारात गेली आणि वीस मिनिटांत फोन आला. "गाडीला काय केलंस तू? मला पार्क करता येत नाहीये." प्लग त्याच रात्री परत लावला.

मग जे आधी बघायला हवं होतं ते बघितलं. पुढच्या थ्रस्ट आर्मचे, म्हणजे पुढची चाकं जागेवर धरणाऱ्या दांड्यांच्या टोकाचे बुश. या गाडीत त्या रबरी बुशांच्या आत तेल भरलेलं असतं. माझे फाटून तेल केव्हाच गळून गेलं होतं, आर्मवर काळा ओघळ सुकलेला. एवढ्या किलोमीटरनंतर रबर फाटणारच, आणि मी इतके दिवस वाकून पाहिलं नाही ही चूक माझी. टायरने काहीही सांगितलं तरी ते या ढिल्या रबरातच जिरत होतं. मी भरीव रबराचे बुश घातले, अलाइनमेंट करून घेतली. टायरमध्ये हवाही कमी भरली होती, ती दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरली.

पुढच्या रविवारी ए8 वर चाक बोलायला लागलं. रस्त्याचा सांधा, डांबराचा बदललेला पोत, ट्रकच्या चाकोऱ्या, सगळं.

पण किडा वळवळत होताच. श्टुटगार्टजवळच्या बाड उराख गावाहून आल्बच्या डोंगरपठारावर चढताना वेग 50 ते 80 चा असतो, आणि तिथे खरोखरच सोलेनॉइडची लुडबुड असते. तिथे थोडा करंट कमी करावा म्हणून सोलेनॉइडच्या वायरीत रिहोस्टॅट, म्हणजे कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, जोडला. पहिला पाव वॉटचा घेतला होता, तो गल्लीच्या टोकापर्यंतही टिकला नाही. गाडीत जळक्या बेकलाइटचा वास. 5 ओहममधून पाऊण अँपिअरच्या आसपास करंट गेला तर जवळपास 3 वॉट उष्णता होते, हे कागदावर मांडायला मला एक मिनिट लागलं असतं. मग तारेच्या वेटोळ्याचा, 25 वॉटचा आणला. वळणात चाक छान भरीव लागलं. आवडलं, खोटं कशाला बोलू.

तरी काढून टाकला. जर्मनीत स्टिअरिंगमधला असा बदल तपासून, कागदपत्रांत नोंदवून घ्यावा लागतो, नाहीतर गाडीची रस्त्यावर चालवायची परवानगीच जाऊ शकते. त्यात अपघात झाला तर विमावाल्यांशी वाद. पाच ओहमसाठी एवढं कोण करणार? शिवाय बुश बदलल्यावर घाटातही तक्रार फारशी उरली नव्हती. खरं तर तो पहिला शनिवार बुशांवर घालवला असता तर प्लगला हात लावायची वेळच आली नसती.

रिहोस्टॅट अजून ड्रॉवरमध्ये आहे. बायको मात्र किल्ली हातात घेताना आजही विचारते, "प्लग लावलाय ना?"