पहिला फोटो मान्य होईपर्यंत

कुर्ल्याला कमानीजवळ माझी आत्या राहते. तिच्याकडे गप्पा मारत बसलं की दर दोन-तीन मिनिटांनी सगळे एकदम गप्प होतात. विमान जातं, खिडकीची तावदानं थरथरतात आणि अर्धवट राहिलेलं वाक्य जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं. नवीन पाहुणा असेल तर तो आवाज चढवून बोलत राहतो. मग आत्या हात वर करून त्याला थांबवते, "जाऊ दे याला आधी."

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं तिच्या इमारतीच्या गच्चीवर बसून शेपट्या ओळखायचो. एअर इंडियाच्या शेपटीवरचा धनुर्धारी सगळ्यांत आधी ओळखू यायचा. पुढे नोकरी लागली, मी ठाण्याला राहायला गेले आणि ते सगळं मागे पडलं. २०१९ च्या दिवाळीनंतर मी एक जुना कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची, लांबचं टिपणारी लेन्स विकत घेतली ती पक्ष्यांसाठी. पण पहिल्याच महिन्यात कॅमेरा घेऊन आत्याकडे गेले आणि पक्षी राहून गेले.

जानेवारी २०२० मधल्या एका रविवारी त्या गच्चीवरून मी एअर इंडियाचं जंबो टिपलं. बोइंग ७४७-४००, नोंदणी व्हीटी-ईव्हीए, नाव 'आग्रा'. त्यांच्या प्रत्येक जंबोला नाव असायचं: खजुराहो, अजंठा, आग्रा, वेल्हा गोवा. घाटकोपरच्या बाजूने आधी नुसते दिवे दिसले, मग पुढचा तो कुबडासारखा उंचवटा, मग चार इंजिनं. खिडक्यांभोवती लाल महिरपी रंगवलेल्या होत्या. माझ्या हाताला कंप सुटला होता. मी अकरा फोटो काढले आणि विमान गेल्यावरही कॅमेरा डोळ्यापासून काढला नाही. काही सेकंदांनी वरून सूंऽऽ असा आवाज आला आणि शेजारच्या पत्र्यांवरची निळी ताडपत्री फडफडून उलटली. एवढं मोठं विमान गेलं की त्याच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे सुटतात आणि हळूहळू खाली येतात. तो आवाज त्यांचा. त्या वस्तीतल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही, ते ताडपत्रीवर विटा आणि जुने टायर ठेवतात.

विमानांच्या छायाचित्रांचे जागतिक संग्रह आहेत. तिथे फोटो पाठवला की जाणकार स्वयंसेवक तो तपासतात आणि पसंत पडला तरच घेतात. माझा अकरातला सर्वांत चांगला फोटो मी पाठवला. नऊ दिवसांनी उत्तर आलं: नामंजूर. कारणं तीन. सॉफ्ट, म्हणजे कडा नीट धारदार नाहीत. क्षितिज तिरकं. सेन्सरवरच्या, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र उमटतं त्या पट्टीवरच्या, धुळीचे डाग. मला फार लागलं ते. आकाशात मला एकही डाग दिसत नव्हता. मग कुणीतरी युक्ती सांगितली: संगणकावर फोटो 'इक्वलाइझ' करून बघ, म्हणजे उजेडातले बारीक फरकही भडक दिसतात. केला, तर निळ्या आकाशात दोन काळपट गोल ठळक उठून आले. एक शेपटीच्या वर, एक नाकासमोर.

इथून पुढे जवळजवळ चार वर्षं गेली. मध्ये टाळेबंदी आली, देशांतर्गत विमानं दोन महिने बंद होती, आणि नंतरही बराच काळ आत्याकडे जाणं जमलं नाही. पण जेव्हा जेव्हा गेले तेव्हा एकेक गोष्ट पक्की होत गेली.

पहिली गोष्ट वारा. विमान वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उतरतं. मुंबईला वारा बहुतेक वेळ समुद्राकडून येतो, म्हणून विमानं पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्यावरून येतात आणि पश्चिमेकडे तोंड करून टेकतात. या दिशेच्या धावपट्टीला २७ म्हणतात, कारण होकायंत्रावर ती साधारण २७० अंश. तीच पट्टी उलट्या बाजूने वापरली की ०९. तेव्हा विमानं जुहूच्या समुद्रावरून येतात आणि आमच्या गच्चीवरून फक्त चढणारी दिसतात. दुसरी आडवी धावपट्टी १४-३२, ती मुख्य पट्टीला छेद देऊन जाते, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. घरातून निघण्याआधी वाऱ्याची दिशा बघायची सवय मला तेव्हा लागली.

दुसरी गोष्ट ऊन, आणि मला वाटतं अर्धा फोटो इथेच ठरतो. आत्याची इमारत विमानांच्या वाटेच्या दक्षिणेला आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असतो, म्हणजे माझ्या पाठीशी, आणि विमानाची माझ्याकडची बाजू उजळते. दुपारी तीननंतर ऊन पश्चिमेकडे कलतं, तेव्हा समोरून येणाऱ्या विमानाच्या नाकावरही पडतं. पण मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. त्या अडीच महिन्यांत ऐन दुपारी माझ्या गच्चीवरून विमानाचं पोट काळं येतं, काहीही करा. शून्य सावली म्हटलं की शाळेत मैदानावर उभी केलेली काठी आठवते. माझ्यासाठी ती आता गच्ची बदलायची तारीख झाली आहे.

तिसरी गोष्ट, गरम हवा. लांबचं विमान टिपायला गेलं की तापलेल्या पत्र्यांवरून वर चढणारी हवा मध्ये येते आणि विमानावरची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलतात. याला लेन्स काही करू शकत नाही, महागातली असली तरी. उपाय एकच: विमान जवळ येईपर्यंत थांबायचं. उतरणारं विमान तीन अंशांच्या उताराने येतं. टेकण्याच्या जागेपासून एक किलोमीटर अलीकडे ते जेमतेम ५२ मीटर उंचीवर असतं, म्हणजे सोळा-सतरा मजली इमारतीएवढं. तेवढ्या जवळ आलं की मधली हवा फार त्रास देत नाही, पण तुमच्या हातात दोन-तीन सेकंदच असतात. जंबोचा फोटो सॉफ्ट का आला ते मग फाइल उघडल्यावर कळलं. शटर स्पीड, म्हणजे कॅमेऱ्याची झडप उघडी राहण्याचा वेळ, १/३२० सेकंद होता. जेटला १/१००० तरी हवा.

धुळीचं म्हणाल तर, लेन्सचं छिद्र बारीक करून एफ/११ ला ठेवलं की सेन्सरवरचा प्रत्येक कण दिसतो. छिद्र थोडं मोठं करून एफ/८ वर आले आणि तक्रार जवळजवळ संपली.

आता पोलिसांचं सांगते, कारण या छंदात नवीन आलेली मुलं मला सर्वांत आधी तेच विचारतात.

नोव्हेंबर २०२२. एअरबसचं बेलुगा मुंबईत उतरलं होतं. व्हेल माशासारखं फुगीर कपाळ असलेलं ते मालवाहू विमान आपल्याकडे क्वचितच येतं. ते मला मिळालं नाही, पण त्याच आठवड्यात मी शनिवारी गच्चीवर उभी असताना दोन पोलीस वर आले. समोरच्या इमारतीतून कुणीतरी फोन केला होता की एक बाई लांब लेन्स लावून विमानांवर नजर ठेवून आहे. फोन करणाऱ्याला मी दोष देत नाही. या शहराने जे पाहिलंय ते पाहता मीही कदाचित केला असता.

"मॅडम, कुणाला विचारून चाललंय हे?"

मी आधार कार्ड दिलं, ऑफिसचं ओळखपत्र दिलं, आत्याला हाक मारली. आत्या पदराला हात पुसत वर आली. "अहो साहेब, माझ्या भावाची मुलगी आहे. लहानपणापासून विमानं बघते." ते सभ्यपणे वागले, पण चौकीत यावं लागेल म्हणाले. तिथे मी जवळजवळ तीन तास बसले. त्यांनी कार्डावरचे चारशेच्या वर फोटो एकेक करून पाहिले. एका फोटोवर हवालदार थांबले. ऐन उतरताना बाहेर आलेली चाकं त्यात दिसत होती. "हे असं किती चाकांवर उतरतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हे ७७७ आहे, मागच्या बाजूला सहा-सहा, पुढे दोन, एकूण चौदा. त्यांनी मान हलवली आणि पुढचा फोटो लावला. शेवटी माझा जबाब लिहून घेऊन सोडलं, कॅमेरा परत दिला.

त्या रात्री मी रडले आणि कॅमेरा विकायचा विचारही केला. २०१० साली दिल्लीत विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरलेल्या दोन ब्रिटिश छंदिष्टांना असंच ताब्यात घेतलं होतं. ती बातमी मी तेव्हा वाचून सोडून दिली होती, ती परत शोधून वाचली. मग नियम वाचायला बसले. विमान नियम, १९३७ मधला तेरावा नियम सांगतो की सरकारी विमानतळावर आणि उडत्या विमानातून लेखी परवानगीशिवाय छायाचित्र घेता येत नाही. माझी गच्ची कुंपणाच्या बाहेर, खासगी जागेत. तरीही मी तेव्हापासून तीन गोष्टी कटाक्षाने पाळते. सोसायटीच्या सचिवांचं परवानगीचं पत्र सोबत असतं. मोठ्या लेन्सने फोटो काढायचे असतील त्या दिवशी चौकीत आधी सांगून येते. आणि कुंपण, मनोरा, पहारा, सुरक्षेच्या गाड्या यांच्याकडे लेन्स वळवत नाही, विमान आकाशात असतं तेवढंच माझं. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आणि गोव्याचं दाबोळी नौदलाचं, तिथे कॅमेरा पिशवीतून बाहेर काढायचाच नाही. यावर मी कुणाशी वाद घालत नाही आणि नवीन मुलांनीही घालू नये असं मला मनापासून वाटतं. एकाने केलेल्या आगाऊपणाची किंमत पुढच्या सगळ्यांना मोजावी लागते.

पुढच्या वर्षी २ मेला मी खास रजा काढून कुर्ल्याला गेले आणि आकाश रिकामं. पावसाळ्याआधीच्या डागडुजीसाठी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच दोन्ही धावपट्ट्या बंद ठेवल्या होत्या. मी ती सूचना वाचलीच नव्हती. आत्या मात्र त्या दिवशी खूश होती. दुपारी तिने सलग एक तास, एकदाही न थांबता, माझ्या आजोबांच्या गिरणीच्या दिवसांच्या गोष्टी सांगितल्या. त्यातल्या अर्ध्या मी पहिल्यांदा ऐकत होते.

फोटो मान्य झाला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये, माझ्या बाराव्या प्रयत्नात. आणि तो कुठल्याही दुर्मीळ विमानाचा नव्हता. एटीआर-७२, आपल्या छोट्या शहरांना जोडणारं पंख्याचं विमान. इतर लोक मोठ्या विमानाची वाट बघताना त्या वेळात चहा पिऊन घेतात. पण मला ते अवघड वाटतं आणि म्हणूनच आवडतं. १/१००० ने टिपलं तर पंख्याची पाती गोठून उभी राहतात आणि विमान दोरीला टांगलेलं खेळणं वाटतं. पाती फिरताना दिसायला हवी असतील तर १/२०० पर्यंत खाली यावं लागतं, आणि तेवढ्या वेळात हात विमानाच्याच वेगाने वळला पाहिजे. मी महिनाभर रोज संध्याकाळी घराच्या खिडकीतून रस्त्यावरच्या रिक्षांवर सराव केला. कोपर बरगडीला टेकवायचं, पाय न हलवता कमरेतून वळायचं, आणि बटण दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही.

त्या दिवशी पावणेपाचच्या उन्हात एटीआर आलं. अठरा फोटो काढले, सतरा बिघडले. एकात पात्यांची दोन पारदर्शक वर्तुळं आली होती, आणि त्यांच्या मागे दाराजवळची बारीक अक्षरं वाचता येत होती. चार दिवसांनी उत्तर आलं. मी लोकलमध्ये उभी होते, मुलुंड गेलं होतं. शेजारच्या बाईंना वाटलं घरून काही वाईट बातमी आली, त्यांनी मला बसायला जागा दिली.

२२ एप्रिल २०२४, सोमवार. त्या सकाळी एअर इंडियाच्या 'आग्रा'ने मुंबई कायमची सोडली. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या प्लेनफिल्डला नेऊन तिचे भाग सुटे करायचे होते. वैमानिकाने उड्डाण घेतल्यावर पंख एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलवून निरोप घेतला. मी ऑफिसात होते. महिनाअखेर जवळ आली होती, रजा मिळाली नाही. दुपारी दुसऱ्यांनी काढलेले फोटो पाहिले, फार सुंदर होते, आणि माझ्या घशात आवंढा आला.

रात्री मी जानेवारी २०२० ची ती फाइल उघडली. व्हीटी-ईव्हीए, तेच विमान. क्षितिज सव्वा अंशाने सरळ केलं. दोन डाग पुसले. महिरपींच्या कडा मात्र तशाच मऊ राहिल्या, १/३२० ची चूक नंतर दुरुस्त होत नाही. मी तो फोटो कुठेही परत पाठवला नाही. आठ बाय बाराचा छापून घेतला. त्या आकारात तो छान दिसतो. आत्याने तो कॅलेंडरच्या शेजारी खिळा ठोकून लावला.

गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा शेजारचा सहा वर्षांचा मुलगा त्या फोटोखाली उभा राहून खिडक्या मोजत होता. "आजी, हे परत कधी येणार?"

"ते गेलं रे," आत्या म्हणाली. "जाताना पंख हलवून गेलं." आणि तिने दोन्ही हात पसरून, आधी डावा खाली, मग उजवा खाली, त्याला करून दाखवलं.