कळण्या आणि नंबरांच्या गल्ल्या: पाडवा ते पोळा

मंडळी, पाच महिने नोंद टाकली नाही. आधी हिशोब देते, म्हणजे ओरडा कमी बसेल.

पाडव्याला ठरलं होतं की धुळ्यातल्या गल्ली नंबर 1 ते 7 पायी करायच्या, प्रत्येक गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत, आमच्या कुत्र्यासोबत, म्हणजे कळण्यासोबत. मग जुनं धुळं, मग पांझरेचा काठ, शेवटी देवपूर. पोळ्यापर्यंत सगळं उरकणार होतं. आज पोळा परवावर आलाय आणि वहीत असं आहे: गल्ल्या सातपैकी पाच, नदीकाठ अर्धा, जुनं धुळं शून्य, देवपूर एकदाच आणि तेही एकविरामातेपुरतं. लळिंग यादीत नव्हतंच. ते झालं, आणि महागात पडलं.

नवीन आलेल्यांसाठी सांगते, कळण्या आमचा गावठी, वय चारच्या आसपास. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीचा असतो तसा करडा रंग, त्यात काळे ठिपके, म्हणून हे नाव. पिल्लू असताना सासूबाईंनी ठेवलं. त्यांना तेव्हा कुत्रं नको होतं, पण नाव मात्र त्यांचंच लागलं.

मी पहाटे का फिरते, हे गेल्या वेळी दोघातिघांनी विचारलं होतं. एक तर ऊन. धुळ्यात मे महिन्यात सव्वापाच ते पावणेसात एवढाच वेळ कुत्र्याच्या पायांना परवडतो. संध्याकाळी गारवा वाटतो तो आपल्या तोंडाला, डांबराला नाही. वैशाखात एकदा साडेसातला, दिवे लागल्यावर, आग्रा रोडला लागून हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवली. सात आकडे मोजेपर्यंत हात टिकला तरच कुत्र्याला चालवायचं असतं, मी चारला हात उचलला. तेव्हापासून संध्याकाळची फेरी अंगणात. दुसरं कारण असं की पहाटे पाचला बाई एकटी निघाली तर कुठे, कशाला, कोणाकडे, हे विचारणारे पन्नास. कुत्रं सोबत असलं की प्रश्न एकच येतो: "काय व ताई, हाऊ चावस का?" नाही म्हटलं की विषय संपला. चार महिन्यांत माझं नाव फक्त दोघांनी विचारलं. कळण्याचं नाव अर्ध्या पेठेला पाठ आहे.

आता गल्ल्या. यात माझा अंदाज साफ चुकला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला वाटलं होतं, नंबरांच्या गल्ल्या म्हणजे सोपं काम. आखीव, सरळ, हरवायची भीती नाही. हा सरळपणा मुळात साहेबाचा. 1818 ला खान्देश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन ब्रिग्जनं कारभारासाठी धुळं निवडलं. 1819 साली इथे 401 घरं आणि 2509 माणसं होती. ब्रिग्जनं कचेऱ्या बांधायला लांबून कारागीर आणले, व्यापाऱ्यांना घरासाठी जागा फुकट दिल्या, बांधायला उचलही दिली. जुनं धुळं वाकडंतिकडं राहिलं आणि शेजारी नवी पेठ सुतात वाढत गेली. पेठेत उभं राहिलं की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाचा चहाचा धूर दिसतो. माणसाला हे बरंच. पण कुत्र्यालाही तेच दिसतं.

वाकड्या बोळांच्या गावात काय होतं? तिथली कुत्री आणि आपण वळणावर एकदम समोरासमोर येतो, दोघंही दचकतात, भुंकाभुंकी होते आणि मिनिटात मिटतं. इथे तुम्ही गल्लीच्या तोंडाशी पाऊल टाकलं की मधल्या ओट्यावरचं कुत्रं मान वर करतं. ते उठतं, आळस देतं, एक हाक देतं. तुम्ही मध्यावर पोचेपर्यंत पाच जण जमलेले असतात, आणि चौकात आडव्या रस्त्यानं आणखी तीन. यांना गोळा व्हायला वेळ मिळतो, सगळी भानगड एवढीच आहे. एकदा हे लक्षात आल्यावर मी आखीव शहरांचं कौतुक जरा जपून करते.

गल्ली नंबर 3 मध्ये धडा मिळाला. सहा जण आले. मी काय करावं? पट्टा मनगटाला दोन वेढे मारून आखडून धरला. आखडलेल्या पट्ट्यावर कुत्र्याची मान वर येते, छाती पुढे येते, आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. कळण्या बिचारा मान खाली घालून बाजूनं निघायच्या विचारात होता, मीच त्याला पहिलवानासारखं उभं केलं. डाव्या कानाच्या टोकाची एक फाक गेली. माझ्या पिंढरीवर कोणाच्या तरी नखाचा ओरखडा आला, दात नाही. तरी घरी येऊन साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या नळाखाली धरला आणि सरकारी दवाखान्यात लशी घेतल्या: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. "नुसता ओरखडा तर आहे" म्हणणारे घरात तिघं होते. तुमच्याही घरात असतील. ऐकू नका. कळण्याची वर्षाची लस झालेली होती, तरी डॉक्टरांनी त्यालाही पुन्हा टोचली.

त्यानंतर पद्धत बदलली. गल्लीत टोकाकडून शिरायचं नाही. मधल्या आडव्या बोळातून शिरायचं आणि अर्धी अर्धी गल्ली दोन वेगळ्या दिवशी करायची. पट्टा सैल, हात कमरेपाशी, नजर जमिनीवर. समोरून कोणी आलं तर थांबायचं नाही, वळायचंही नाही, तिरकं चालत रस्ता ओलांडायचा. हळू दिसतं, पण याच पद्धतीनं 4 आणि 5 बिनबोभाट झाल्या.

गल्ली नंबर 4 ला तर परवानगी मिळाली असंच म्हणायला हवं. तिथे चहाच्या गाडीखाली एक लंगडी, म्हातारी कुत्री झोपते. चहावाला तिला मॅडम म्हणतो. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "ताई, पहिले मॅडमले इचारी ल्या." मी हसले, तो हसला नाही. कळण्या मात्र सरळ गाडीपाशी गेला, दोन हातांवर थांबला आणि कूस वळवून उभा राहिला, तोंड दुसरीकडे करून. मॅडमनं डोळा न उघडता नाक तेवढं हलवलं. शेपूट एकदा जमिनीवर आपटलं. त्यानंतर त्या गल्लीतल्या एकाही कुत्र्यानं आम्हाला हटकलं नाही. कळण्याला हे कोणी शिकवलं असेल? मी तर नाही.

नदीकाठ अर्धा झाला तो थोरल्या पुलापर्यंत. उन्हाळ्यात पांझरेत बघण्यासारखं काही नसतं आणि वास घेण्यासारखं फार असतं, त्यामुळे कळण्याचं आणि माझं तिथे पटत नाही. एक गोष्ट सांगण्यासारखी घडली. काठाच्या अलीकडे, घरांच्या मागं, एका उतरत्या पट्टीत तो रोज जाऊन बसायचा. पोट जमिनीला चिकटवून. मे महिन्यात, आजूबाजूला सगळा फुफाटा असताना, ती जागा हाताला गार लागायची. शेजारच्या घरातले एक बाबा दात घासत बाहेर आले आणि म्हणाले, "आठे पह्यले पाट व्हता, माय."

पाट म्हणजे फडाचा. पांझरेवर जागोजागी बंधारे, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालचं रान फडांमध्ये वाटलेलं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी सोडायला पाटकरी. तीन-चारशे वर्षांची ही रीत. ब्रिग्जच्या वेळचं धुळं नदी आणि पाट यांच्यामध्ये कोंडलेलं गाव होतं, असं गॅझेटियरमध्ये आहे. 1884 ला विश्वेश्वरय्या सहायक अभियंता म्हणून खान्देशात आले, तेव्हा त्यांच्या अंगावर पहिलं मोठं काम आलं ते पांझरेच्याच पाण्याचं, प्रवाहाखालून नळ नेण्याचं. हे सगळं मला वाचून माहीत होतं, पण पाट कुठून जायचा हे विचारायचं कधी सुचलं नाही. आता ती ओल खरोखर जुन्या पाटाची की कोणाच्या फुटक्या नळाची, यावर मी पैज लावणार नाही. वहीत मात्र त्या जागेला "पाट" असंच लिहिलंय.

देवपुरात एकविरामातेला गेलो ते चैत्राची यात्रा उलगल्यावर, गर्दी नको म्हणून. कळण्या बाहेर फुलवालीजवळ बसला. अर्धा नारळ मिळाला. बाकी काही नाही.

आता लळिंग.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाऊस पडून गेला, हवा छान झाली, आणि मला दुर्बुद्धी सुचली. शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा रस्त्याला लागूनच फारुकी राजवटीतला किल्ला. खाली कुरण, आणि जवळच लांडोर बंगला. 31 जुलै 1937 ला बाबासाहेब आंबेडकर तिथे मुक्कामाला होते, म्हणून दर वर्षी त्या तारखेला तिथे भीमस्मृती यात्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा तिथे आम्ही दोघं आणि मोर एवढेच होतो. कळण्या पहिल्यांदाच डांबर सोडून गवतात पळत होता. गवत त्याच्या पाठीपर्यंत. मी फोटो काढत बसले. आता ते फोटो बघितले की स्वतःचाच राग येतो, कारण एका फोटोत त्याच्या कानाच्या मुळाशी करड्या वाटाण्याएवढी गोचडी स्पष्ट दिसते. मी ती घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी काढली. बोटांमध्ये आणि शेपटीखाली आणखी अकरा निघाल्या.

जुलै सरता सरता त्यानं खाणं सोडलं. आधी वाटलं, पावसाळी आळस. मग एका पहाटे पट्टा दाखवला तर उठलाच नाही, शेपूट हलवून पडून राहिला. ओठ उचलून हिरड्या बघितल्या. नेहमी गुलाबी असतात, त्या दिवशी भिजवलेल्या तांदळासारख्या पांढुरक्या. डॉक्टरांनी रक्ताची काच तपासली, प्लेटलेट खूप उतरले होते. गोचीडताप. अठ्ठावीस दिवस डॉक्सीसायक्लिन, आणि गोळी कधीच उपाशीपोटी नाही, नाहीतर उलटून पडते. न खाणाऱ्या कुत्र्याला रोज आधी खायला लावायचं, मग गोळी, हा आमचा ऑगस्ट. दहीभात झाला, उकडलेलं अंडं झालं, कोंबडीचं पाणी झालं. हुंगायचा आणि मान फिरवायचा.

मध्येच कानबाई आली, आमच्या खान्देशातल्या देवीचा सण. नागपंचमीनंतरचा रविवार. आमच्याकडे रोट, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या जाड पोळ्या, फक्त भाऊबंदांनी खायचे असतात. माहेरवाशिणीलाही तिच्या लग्नानंतर देत नाहीत, शेजाऱ्याचं तर नावच काढू नका. उरवायचेही नाहीत. रात्री देवीसमोर सगळं मांडलेलं, गाणी चाललेली, आणि कळण्या दाराच्या चौकटीवर हनुवटी टेकून पडलेला. मी रोटाचा तुकडा मोडला आणि त्याचं नाक हललं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. मी सासूबाईंकडे बघितलं. दीर म्हणाले, "वहिनी, रोट आहे तो." सासूबाई गाणं म्हणत होत्या. कडवं पुरं केलं, मग म्हणाल्या, "तो बी घरनाच शे. दे त्याले."

अर्धा रोट खाल्ला, दुधात चुरून. पाठोपाठ गोळी गेली.

पाणी नुकतंच सोमवारी सोडलं होतं अक्कलपाडा धरणातून, पांझरा दुथडी होती, म्हणून नदीकाठ पुढे ढकलला. गोळ्यांचा कोर्स गेल्या गुरुवारी संपला. प्लेटलेट वर आले, वजन साडेसतरा होतं ते सोळावर अडकलंय. डॉक्टर म्हणाले, चालवा, पण पंधरा मिनिटं. म्हणून गल्ली नंबर 6 तुकड्या-तुकड्यांत करतोय. काल फक्त पाव गल्ली झाली. आता फिरून आल्यावर मी दाराबाहेरच स्टूल टाकून बसते आणि डोक्यापासून सुरू करते: कानाच्या आत, कानामागे, पट्ट्याखाली, काखा, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिळायची नाही, रॉकेल-तेल ओतायचं नाही. दर महिन्याला गोचीडांची गोळी सुरू केलीय, आणि लळिंग दिवाळीनंतर, गवत वाळल्यावर.

एक मदत हवी आहे. गल्ली नंबर 7 मध्ये कोणाची ओळख आहे का? माणसांची नको. तिथे मध्यावर एक काळा, शेपूट तुटका बोका-कुत्रा बसतो (बोक्यासारखं डोकं आहे, म्हणून), आणि तो मॅडमसारखा नाही. दोनदा बोळातून बघून परत आलो. तिथल्या कोणाकडे तो चहा-बिस्किटाला जात असेल तर कळवा, आधी त्या माणसाकडे जाऊन बसते. परवा बैलांची मिरवणूक असते, ढोल असतात, त्यामुळे पोळ्याला आम्ही घरातच. मॅडमला भेटायला उद्या जाऊ.