पिशवी लिटरची नाही, बघून घ्या

२०२५ च्या दिवाळीच्या फराळाचं तेल आणायला गेले होते तेव्हाची ही गोष्ट, लिहायला आत्ता सवड मिळाली. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या नेहमीच्या किराणावाल्यानं सोयाबीन तेलाच्या दोन पिशव्या पुढे ठेवल्या, एक १४६ ची आणि एक १३८ ची, दोन्ही दिसायला सारख्याच, उंची तीच, रुंदी तीच. मी अर्थातच म्हटलं १३८ वाली द्या चार. तो बिचारा प्रामाणिक माणूस, लगेच म्हणाला, "भाभीजी, देख लो, ये लीटर वाली नहीं है." पिशवी उलटी करून चष्मा लावून बघितलं तर खाली बारीक अक्षरात ८४० ग्रॅम. आणि दुसरीवर एक लिटर, ९१० ग्रॅम.

घरी येऊन हिशोब मांडला. १४६ वाली किलोला साधारण १६० रुपये ४० पैसे पडते, १३८ वाली १६४ रुपये ३० पैसे. म्हणजे जी स्वस्त म्हणून मी उचलत होते तीच महाग होती. आणि चार पिशव्यांत २८० ग्रॅम तेल कमी, आमच्या तिघांच्या घरात ते दोन सव्वादोन दिवसांचं तेल आहे. महिनाअखेरीला "या वेळी तेल लवकर कसं संपलं" असं मी गेली दोन वर्षं म्हणतेय आणि सुनेला म्हणतेय की हात जरा आवर, तर तिचा काहीच दोष नव्हता. तिला मी हे सांगितलं आणि माफीही मागितली.

यात बेकायदा काही नाही, हेच मला जास्त लागलं. पूर्वी नियम होता की तेल, बिस्किटं, चहा, साबण अशा वस्तू ठरलेल्या वजनातच विकायच्या, अर्धा किलो, एक किलो, दोन किलो असं. पॅकबंद वस्तूंच्या नियमांत त्याची यादीच होती. २०२२ मध्ये ती यादी काढून टाकली आणि कंपन्यांना मोकळीक दिली की हवं तेवढं भरा, फक्त वजन खरं छापा आणि सोबत युनिट सेल प्राइस छापा, म्हणजे ग्रॅमला किंवा किलोला काय पडलं ते. कागदावर ऐकायला ठीक वाटतं की गिऱ्हाईक भाव बघून घेईल. पण मी ते बघितलं ना. किलोच्या आतलं पाकीट असेल तर भाव ग्रॅममागे छापायचा आणि दोन दशांशांपर्यंत छापायचा. ८४० ग्रॅमच्या पिशवीवर छापलंय ०.१६ रुपये ग्रॅमला. आता किलोला १५६ असले तरी ते ०.१६ च होतं आणि १६४ असले तरी ०.१६ च. किलोमागे आठ-नऊ रुपयांचा फरक त्या दोन आकड्यांत गडप होतो, आणि लिटरवाल्या पिशवीवर भाव लिटरचा, दुसरीवर ग्रॅमचा, मग दुकानात उभं राहून कोण कशाशी तोलणार? हा नियम ज्यांनी केला त्यांनी एकदा पिशवी हातात धरून बघायला हवी होती. सरळ सगळ्या तेलांवर किलोचा भाव छापा म्हणावं, ठळक, पुढच्या बाजूला, एवढंच मागणं आहे.

तेलाच्या वजनाचा घोळ तसा जुनाच आहे. मध्यंतरी काही कंपन्या लिटरच्या पुढे "६० अंश तापमानाला" असं छापायच्या, कारण तेल गरम झालं की फुगतं. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशाला ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशाला ८९३ च्या आसपास. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं सांगितलं की तापमानाचं नाव काढा, आणि १५ जानेवारी २०२३ पर्यंत लेबलं सुधारा. म्हणजे सरकारनं मनावर घेतलं की काम होतं, हे मला मुद्दाम लिहायचंय.

आता जीएसटीचं. २२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापनेच्या दिवशी नवे दर लागू झाले, बचत उत्सव म्हणून पंतप्रधान आदल्या दिवशी टीव्हीवर बोलले, आणि आमच्या भिशीत सगळ्याजणी म्हणाल्या की चला, तेल आणि सेव दोन्ही उतरणार. साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ वर आले, तूप-लोणी १२ वरून ५ वर, विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के पूर्ण गेला, हे खरंच चांगलं झालं, आमच्या यांच्या मेडिक्लेमचा हप्ता चांगलाच हलका झाला, त्याबद्दल मी सरकारला मनापासून चांगलं म्हणेन. पण खाद्यतेलावर आधीही ५ टक्केच होता, आताही ५ च आहे. सेवेचंही तसंच, पाकीटबंद ब्रँडेड नमकीन १२ वरून ५ वर आलं, पण आपण इंदूरकर सेव घेतो ती दुकानातून तोलून, सुटी, लौंगवाली पाव किलो आणि रतलामी पाव किलो, तिच्यावर आधीपासूनच ५ होता. आमच्या भिशीतल्या एकीनं सेववाल्याशी दुकानात भांडण काढलं की तू टॅक्स उतरला तरी भाव का नाही उतरवत, तेव्हा तो खरंच हात जोडून सांगत होता की भाव बेसनाचा आणि तेलाचा आहे. मला वाईट वाटलं त्याचं. कढईत ओतायचं तेल त्यालाही त्याच भावानं घ्यावं लागतं.

तेलाचा भाव दिल्लीत ठरतो आणि त्याच्याही पलीकडे ठरतो. देशाला लागणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून जास्त आपण बाहेरून आणतो, पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून. म्हणून आयात शुल्क हा त्यातला मोठा खटका. २०२१ मध्ये भाव भडकले तेव्हा कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क उतरवत उतरवत शून्यावर आणलं. १४ सप्टेंबर २०२४ ला एका रात्रीत ते २० टक्के केलं, सेस धरून साडेसत्तावीस. दुकानात पिशवी लगेच वाढली, गोदामात मात्र जुन्या शुल्काचं तेल भरलेलं होतं, सरकारनं स्वतःच सांगितलं होतं की असा तीस लाख टनांचा साठा आहे, दीड महिना पुरेल, तोवर छापील किंमत वाढवू नका. मी तेव्हाची बिलं काढून बघितली, आमच्याकडे नवरात्रातच वाढलेल्या भावानं घेतलंय. साठा जुन्या भावाचा, पैसे नव्या भावाचे, आणि त्यातला फरक कोणाच्या खिशात गेला हे कोणी विचारलंच नाही.

आमचा मुलगा पुण्याला असतो, त्याचं म्हणणं आई ड्युटी कशाला हवी, स्वस्त तेल येऊ दे, गरीब माणूस खाईल. मी इतकी वर्षं हेच म्हणत आले असते. पण आमचे धाकटे दीर देवासच्या बाजूला शेती करतात, बारा बिघे सोयाबीन असतं त्यांचं दर पावसाळ्यात, आणि मी त्या घरातली वहिनी आहे, मला दोन्हीकडचं दिसतं.

माळव्यात सोयाबीन आलं सत्तर-ऐंशीच्या दशकांत. त्याआधी ही काळी जमीन पावसाळ्यात बहुतेक पडीकच ठेवायचे आणि ओलीवर गहू-हरभरा घ्यायचे, सासरे सांगायचे. सोयाबीननं घरं उभी राहिली, खंडवा रोडवर १९८७ मध्ये संशोधन केंद्र झालं, तेलाचे कारखाने झाले, सोयाबीनवाल्या कारखानदारांची देशाची संघटना, सोपा, तीही इथे इंदुरातच आहे. म्हणजे तेलाच्या गावात राहून आपण तेलासाठी रडतोय, आणि ज्यानं सोयाबीन पिकवलं तोही रडतोय, हे मला कळेनाच.

२०२५ मध्ये २८ मेला केंद्रानं सोयाबीनचा हमीभाव वाढवला, क्विंटलला ४,८९२ वरून ५,३२८. भाऊजींचा फोन आला होता खुशीत. आणि ३० मेला, दोनच दिवसांनी, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० वर आणलं. पेरणी तोंडावर असताना. एका हातानं दिलं ते दुसऱ्या हातानं काढून घेतलं असं मी म्हणणार नाही, महागाई होती आणि सणही यायचे होते, पण दोन खात्यांनी एकमेकांना विचारलं तरी होतं का असं वाटतंच. मग पाऊस जास्त झाला, पिवळा मोझॅक रोग आला, शेंगा भरल्याच नाहीत, त्यांना बिघ्याला कसंबसं दीड क्विंटल मिळालं. आणि ओल होती म्हणून मंडीत बोली लागली ३,७५०.

मध्य प्रदेशात २०२५ ला परत भावांतर योजना आणली, २०१७ ला होती तशी. म्हणजे सरकार माल घेत नाही, शेतकऱ्यानं मंडीत विकायचा, सरकार मंडीतल्या भावांच्या सरासरीवरून एक मॉडेल रेट काढणार आणि हमीभाव वजा मॉडेल रेट एवढा फरक खात्यात टाकणार. मॉडेल रेट चार हजारांच्या थोडा वर निघाला, भाऊजींना क्विंटलमागे तेराशेच्या आसपास फरक मिळाला. पैसे आले, अडकले नाहीत, हे सांगायलाच हवं. पण त्यांचा माल मॉडेल रेटच्या खाली गेला होता ना, ती तूट त्यांचीच, म्हणजे ३,७५० आणि तेराशे, पाच हजार पन्नास वगैरे झाले, ५,३२८ काही झाले नाहीत. ज्याचा माल भिजला त्याचीच तूट मोठी, आणि माल भिजला तो पावसानं.

मी त्यांना विचारलं की भाऊजी, आम्ही इथे तेल १४६ नं घेतोय, मग तुम्हाला भाव का नाही? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला या वयात पहिल्यांदा नीट समजलं. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतं अठरा किलो, बाकी ऐंशीएक किलो पेंड. मंडीतली बोली तेलावर कमी आणि पेंडीवर जास्त ठरते, आणि पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात. आता इथेनॉल करायला मका आणि तांदूळ वापरतात, त्याचा जो चोथा उरतो, डीडीजीएस म्हणतात, तो कोंबडीवाल्यांना पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल झालं, त्यावरून गाडीच्या अ‍ॅव्हरेजची केवढी चर्चा झाली, आमचे हेही रोज स्कूटरचा हिशोब सांगतात, पण त्या इथेनॉलच्या चोथ्यानं देवासच्या सोयाबीनचा भाव पडतो हे कोणी टीव्हीवर बोललेलं मी तरी ऐकलं नाही. बाहेरून तेलही आणा आणि पेंडीलाही गिऱ्हाईक ठेवू नका, मग दाण्याला भाव यायचा कुठून.

म्हणून मुलाला मी फोनवर सांगितलं की नुसती ड्युटी वाढवून भाऊजींचं भलं होत नाही आणि नुसती उतरवून आपलं भलं होत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलबियांचं राष्ट्रीय मिशन मंजूर झालं, १०,१०३ कोटींचं, २०३०-३१ पर्यंत देशाच्या गरजेच्या ७२ टक्के तेल इथंच काढायचं म्हणतात. मला ते व्हायला हवंय, अगदी मनापासून हवंय. पण सात वर्षांचं मिशन आणि आठ महिन्यांत वरखाली होणारं शुल्क हे एका घरात नांदत नाही. शुल्क काय राहणार ते पेरणीच्या आधी सांगा आणि दिवाळीनंतर माल विकून होईपर्यंत हलवू नका. गरिबाला तेल महाग पडतं तर त्याला रेशनवर स्वस्त द्या, त्यासाठी माझा टॅक्स जाऊ दे. हे कुठल्या पक्षाच्या बाजूचं किंवा विरुद्धचं नाही, आमच्या फॅमिली ग्रुपवर मी असं काही लिहिलं की अर्धे लोक मला एकीकडे ढकलतात आणि अर्धे दुसरीकडे, म्हणून इथे लिहितेय.

पिशवीबद्दल मी १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, फोन करून सांगितलं. वजन बरोबर छापलंय त्यामुळे तक्रार होत नाही, ते मलाही माहीत होतं, पण किलोचा भाव छापावा ही सूचना म्हणून लिहून घ्या म्हटलं. तुम्हीही करा. चार-पाचशे फोन एकाच गोष्टीचे गेले तर कोणाच्या तरी टेबलावर कागद जाईल. आणि आता आम्ही जाऊबाईंबरोबर मिळून सियागंजच्या घाऊक बाजारातून १५ किलोचा डबाच आणतो, तोलून, अर्धा अर्धा करतो.

गेल्या रविवारी भाऊजी लसणाचं बियाणं बघायला इंदूरला आले होते, पोहे-जिलेबी खाऊन बसले थोडा वेळ. म्हणाले, वहिनी, येत्या पावसाळ्यात अर्ध्यात मका लावतो, मक्याला निदान इथेनॉलवाला गिऱ्हाईक आहे. मी म्हटलं, भाऊजी घाई करू नका, मे संपेपर्यंत थांबा, हमीभाव येईल, ड्युटीचं काय करतात ते कळेल, मग ठरवा.

ते म्हणाले, "वहिनी, बियाणं तर त्याच्या आधीच घ्यावं लागतं."