चौथ्या आयझनचंही तोंड उडालं, पण कारण सापडलं

रविवारी मी घडवलेलं चौथं बेर्गआयझनही गेलं. बेर्गआयझन म्हणजे जुन्या जर्मन खाणकामगारांची दांडा घातलेली टोकदार छिन्नी; टोक दगडावर टेकवायचं आणि मागून हातोडा मारायचा. घोडबंदर रोडच्या खोदकामातून उचलून आणलेल्या काळ्या दगडावर अकराव्या ठोक्याला टोकाचा करंगळीच्या नखाएवढा टवका उडाला. आधीच्या तिन्ही वेळा हेच झालं आणि मी दरवेळी पोलादाला शिव्या घातल्या. ब्रेकरची, म्हणजे दगड फोडायच्या यंत्राची, पहार म्हणून भंगारवाल्याने काय गळ्यात मारलंय कोण जाणे, असं मागच्या वेळी लिहूनही मोकळा झालो होतो. शब्द मागे घेतो. ग्राइंडरवर ठिणग्या छान फुटतात, कार्बन भरपूर आहे. भाव मात्र त्याने जास्तच लावला होता.

या वेळी टवका फेकला नाही, भिंगाखाली धरला. तुटलेली बाजू रवाळ आणि चकाकती, रव्याच्या लाडवासारखी. शेजारी जुनी कानस मोडून ठेवली, तर तिचा भंग राखाडी, मखमली. म्हणजे माझं लोखंड जास्त तापून कण फुगलेत. पण मी तर लालच करत होतो!

मग ट्यूब पेटली. सोसायटीने गच्चीवरची भट्टी बंद केल्यापासून मी वागळे इस्टेटमधल्या मित्राच्या गाळ्याबाहेर भर दुपारी काम करतोय. उन्हात जो लाल दिसतो, तो अंधारात चक्क नारिंगी असतो.

सोमवारी रात्री गाळ्यात दिवे घालवून बसलो. तारेला चुंबक बांधला. ७७० अंशांच्या आसपास लोखंड चुंबकाला दाद देईनासं होतं. त्याच्या जरा पुढे गेलो आणि थांबलो. फक्त टोकाचा इंचभर भाग पाण्यात. लगेच दगडाने घासून उजळ केला, मागची धग पुढे येऊ दिली. पिवळसर, तपकिरी, कडेला जांभळा आला की बुडवलं. ठोक्याची बाजू मऊच ठेवली, नाहीतर तिच्या ठिकऱ्या डोळ्यात जायच्या.

पाचव्याने साठ ठोके खाल्ले. तोंड किंचित बोथटलं, टवका नाही! बोथटण्याचं दुःख नाही. खाणकामावर ग्रंथ लिहिणाऱ्या ॲग्रिकोलाच्या काळातले, म्हणजे १५५६च्या आसपासचे खाणकामगारही एका पाळीला आयझनची माळच घेऊन उतरायचे आणि बोथटलेली खाणीच्या लोहाराकडे धाडायचे.

एक मात्र झालं. दांडा घट्ट ठोकला होता, हात झिणझिणून गेला. ठोका पडतो लोखंडावर, दांडा नुसता धरायला. तो सैलच हवा. आणि सैल असेल तर सहा आयझनना सहा दांडे कशाला? बाभळीचा एकच पुरे, बोथटलं की काढायचं, दुसरं घालायचं. पण त्यासाठी सगळी भोकं एका मापाची लागतील, आणि माझी पाचही वेगवेगळी आहेत. म्हणजे सहावं आयझन लांबणीवर. पहारीचा नऊ इंच तुकडा उरलाय, त्यातून आधी सगळी भोकं एका मापाची पाडायला सुंभा घडवतो.