कोठड्यांच्या रात्रफेरीसाठी विजेरी निवडताना

मी विदर्भातल्या एका कारागृहात शिपाई आहे आणि माझे घर नागपुरात, मानेवाड्याकडे आहे. रात्रपाळीत विभक्त कोठड्यांची एक रांग माझ्याकडे असते. दर तासाला प्रत्येक दारापाशी थांबून आतला बंदी जागेवर आहे आणि श्वास घेतो आहे, हे पाहायचे आणि नोंदवहीत सही करायची, असे हे काम आहे. बंदी जागेवर आहे की नाही हे पाहायला फारसा उजेड लागत नाही. खरा प्रश्न असतो तो श्वासाचा. आत मोबाईल नेण्यास कर्मचाऱ्यांनाही मनाई असल्यामुळे फोनच्या दिव्यावर भागवण्याची सोय नाही, आणि म्हणून हातातली विजेरी कशी आहे यावर बरेच काही अवलंबून राहते.

आमच्या बोलण्यात विजेरीला बॅटरी म्हणतात, तिच्यात घालायच्या बॅटरीला सेल म्हणतात आणि कोठडीलाही सेलच म्हणतात, त्यामुळे ‘सेल बदलला’ हे वाक्य पाळी सोपवताना दोनदा समजावून सांगावे लागते. गोंधळ टाळण्यासाठी मी इथे विजेरी हाच शब्द वापरतो.

माझी पहिली विजेरी भिंतीतल्या प्लगला लावून चार्ज करायची, प्लास्टिकची आणि निळसर पांढऱ्या झगझगीत उजेडाची होती. गेल्या हिवाळ्यात एका रात्री तिच्या प्रकाशात एका बंद्याचा चेहरा मला राखाडी आणि ओठ निळे दिसले. दोनदा हाक मारली, तो हलला नाही. मी शिट्टी वाजवली, अधिकारी किल्ल्या घेऊन आले, दार उघडले, मागोमाग औषधोपचाराचे कर्मचारी आले, आणि त्यांच्या साध्या पिवळसर दिव्यात तोच चेहरा तांबूस, घामेजलेला आणि चांगलाच वैतागलेला दिसला. तो गृहस्थ डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी घेऊन झोपला होता. ‘अजून मेलो नाही ना साहेब, झोपू द्या,’ असे तो म्हणाला, तेव्हा अधिकाऱ्यांकडे पाहण्याची माझी हिंमत झाली नाही. रांगेतले सगळेच जागे झाले होते आणि त्यांची कुजबुज पहाटेपर्यंत चालू होती. शिट्टी वाजवल्याचा मला पश्चात्ताप नाही, पण ज्या उजेडात जिवंत माणूस मेलेला दिसतो तो उजेड उद्या उलटेही फसवू शकेल, हा विचार डोक्यातून जाईना.

सुटीच्या दिवशी मी सीताबर्डीला गेलो. पहिल्याच दुकानदाराने कडेला दाते असलेली एक जाडजूड विजेरी काउंटरवर आपटली आणि म्हणाला, ‘घ्या ना भाऊ, दीड किलोमीटर फेकते.’ मला तीन मीटरपर्यंतच पाहायचे आहे, असे मी सांगितले तेव्हा त्याला गिऱ्हाईक चेष्टा करते आहे असे वाटले असावे. डब्यावरचे हे अंतर कसे निघते हे मी आधी वाचून ठेवले होते. झोताची तीव्रता कँडेलात मोजतात, आणि जिथे प्रकाश साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे ०.२५ लक्स उरतो, तिथपर्यंतचे अंतर डब्यावर छापतात. १०,००० कँडेलाचा झोत या हिशोबाने २०० मीटर जातो. कुंपणावरच्या पहाऱ्याला अशी विजेरी उपयोगाची आहे. कोठडीच्या दारात मात्र तोच झोत पुढच्या गजांवर आपटून माझ्याच डोळ्यांत परत येतो आणि गजांमागचा माणूस काळोखात राहतो. शिवाय अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि तो सराव एका लखलखाटात मोडतो, म्हणजे पुढच्या चार कोठड्या मी जवळजवळ आंधळेपणाने तपासणार. ‘किती तास चालते’ हा आकडाही तसाच फसवा असतो, कारण प्रमाणित मोजणीत तो वेळ प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा धरलेला असतो.

लाल उजेडाची विजेरीही पाहिली. झोपमोड होत नाही आणि डोळ्यांचा सराव टिकतो, हे तिचे गुण खरे आहेत, पण लाल उजेडात रक्त ओळखू येत नाही. गडद चादरीवरचा ओला डाग पाण्याचा की रक्ताचा हे ज्याला ओळखायचे आहे, त्याने ती घेऊ नये.

दुसऱ्या दुकानातून, परत करण्याच्या बोलीवर, मी तीन विजेऱ्या घरी आणल्या आणि रात्री बाल्कनीच्या ग्रिलमधून आत झोपलेल्या धाकट्या भावावर त्यांची परीक्षा घेतली. त्याला आधी सांगितले नव्हते, हे कबूल करतो. डासांमुळे तो डोक्यावरून चादर घेऊन झोपतो, आणि आमचे बहुतेक बंदीही तसेच झोपतात. त्यामुळे चेहरा दिसेल हे गृहीतच धरता येत नाही. समोरून उजेड टाकला की चादर सपाट दिसते आणि छाती हलते की नाही ते कळत नाही. विजेरी ग्रिलच्या एका कडेला, कमरेएवढ्या उंचीवर धरून उजेड आडवा सोडला तेव्हा चादरीच्या प्रत्येक चुणीची सावली पडली आणि श्वासाबरोबर ती सावली लांब-आखूड होताना स्वच्छ दिसू लागली. यात एक मेख आहे. हात जरासा हलला तरी गजांच्या सावल्या चादरीवरून सरकतात आणि नसलेली हालचाल दिसते, म्हणून मनगट भिंतीला टेकवून धरायचे आणि मनात दहा आकडे मोजायचे. या कामाला १० ते १५ ल्युमेन (विजेरीतून निघणाऱ्या एकूण उजेडाचे माप) पुरले. ८०० ल्युमेनवर भाऊ शिव्या देत उठला.

तिन्हींपैकी एकीचा उजेड ना निळसर ना पिवळा, उजेडाचा रंग ज्या केल्विनमध्ये मोजतात त्या मापाने ४,००० ते ५,००० च्या दरम्यानचा होता आणि रंग खरे दाखवण्याचा तिचा निर्देशांक ९० च्या वर लिहिलेला होता. तिच्या उजेडात माझ्या नखांखालचा गुलाबी रंग गुलाबीच दिसला. दुसरा गुण असा की ती नेहमी सर्वांत मंद पातळीवर सुरू होते. बाकीच्या दोघींत मोठा उजेड आधी लागे आणि एकीत तर बटण दोनदा दाबले गेले की उजेड लकाकत उघडझाप करू लागे. मध्यरात्री कोठडीच्या तोंडाशी असे झाले तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी.

निवड झाली असे वाटत असतानाच परवानगीचा टप्पा आला. स्वतःची वस्तू आत न्यायची तर अर्ज करून वरिष्ठांची मंजुरी घ्यावी लागते आणि मग फाटकावर तिची नोंद होते. मी घेतलेली विजेरी यूएसबीवर चार्ज होणारी होती. वरिष्ठांनी ती हातात घेतली, रबराचे झाकण उघडले आणि एकच प्रश्न विचारला, ‘यावर फोन चार्ज होतो का?’ होत होता. माहितीपत्रकात तो गुण म्हणून छापला होता आणि मी त्याकडे लक्षही दिले नव्हते. चोरून आत आलेल्या मोबाईलला जिथे चार्जिंगचीच वानवा असते, तिथे मी स्वतःच्या हाताने पॉवर बँक नेऊन ठेवणार होतो. अर्ज तिथेच परत आला, आणि तो योग्यच परत आला.

मग त्याच उजेडाची, पण दोन पेन्सिल सेलवर चालणारी विजेरी शोधली. ती अखेर इतवारीत मिळाली. तिच्यात निकेलचे पुन्हा चार्ज होणारे सेल घालतो आणि ते घरीच चार्ज करतो. साधे सेल गळून स्प्रिंग खातात, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा दुपारी तापलेल्या गाडीच्या डिकीत लिथियमचे सेल ठेवायला माझे मन धजत नाही. विजेरीची मनगटात अडकवायची दोरी मी पहिल्याच दिवशी कापून टाकली, कारण गजांतून कुणी ती ओढली तर विजेरीबरोबर हातही आत जाईल, आणि दोरी आत राहिली तर तिचे काय होईल ते वेगळे सांगायला नको. मागचे लोहचुंबकही काढले; एकदा ते दाराच्या पट्टीला खटकन चिकटले होते आणि पाच जणांची झोप मोडली होती.

आता फाटकावर जाताना ‘विजेरी एक, सेल दोन’ अशी नोंद होते आणि सकाळी बाहेर पडताना तिथला शिपाई झाकण उघडून दोन्ही सेल बोटाने मोजतो. एक तक्रार मात्र शिल्लक आहे. मागचे बटण दाबले की टक् असा आवाज होतो, आणि पहाटे तीनच्या शांततेत तो तिसऱ्या कोठडीपर्यंत ऐकू जातो. त्यामुळे मी रांगेत शिरण्याआधीच ती लावून काचेवर अंगठा ठेवतो, आणि प्रत्येक दारापाशी अंगठा हवा तेवढाच सरकवतो.